एक ट्रेड, दोन फायनलिस्ट!

तरुण स्टार हाती लागणं हा निम्मा नशिबाचा भाग. पण त्याच्याभोवती टीम बांधायची, तर कुणाला सोडायचं, कुणाला आणायचं आणि मुख्य म्हणजे केव्हा? एनबीएच्या २०२५ च्या फायनलमागची ही आठ वर्षांची देवाणघेवाण... आणि हो, तिचा एक धागा थेट आपल्या वरळीतून जातो!

२३ जून २०२५, सोमवारची पहाट. आपल्याकडे दूधवाले फिरत होते तेव्हा अमेरिकेत रविवारची रात्र होती आणि एनबीए फायनलची सातवी, म्हणजे शेवटची मॅच रंगली होती. ओक्लाहोमा सिटी थंडर विरुद्ध इंडियाना पेसर्स. ना लॉस एंजेलिस, ना न्यूयॉर्क, ना बोस्टन. ग्लॅमरच्या नकाशावर पटकन सापडणारही नाहीत, अशा शहरांच्या या दोन टीम्स. थंडरने ती मॅच १०३-९१ अशी जिंकली आणि चॅम्पियन झाले.

पण खरी गंमत स्कोअरबोर्डवर नव्हतीच! थंडरचा हीरो होता शे गिल्जस-अलेक्झांडर. पेसर्सचा हीरो टायरीस हॅलिबर्टन. दोघांचंही करिअर दुसऱ्याच टीममध्ये सुरू झालं होतं आणि दोघंही ट्रेडमधून इथे आले होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या दोन्ही ट्रेड्सची मुळं शोधत मागे गेलं, की आपण एकाच दारात येऊन उभे राहतो : जुलै २०१७ मध्ये याच दोन टीम्सनी आपसात केलेला एक ट्रेड.

विश्वास बसत नाही? मग ही साखळी बघा.

पॉल जॉर्जची दोन घराणी

२०१७ मध्ये पेसर्सचा सर्वात मोठा खेळाडू होता पॉल जॉर्ज. त्याने टीमला सरळ सांगून टाकलं, की २०१८ नंतर मी इथे राहणार नाही. आता अशा वेळी टीमने काय करायचं? थांबलात तर वर्षभराने तो फुकटात निघून जाणार. विकायला काढलात तर सगळ्या जगाला तुमची अडचण ठाऊक, त्यामुळे भाव पडणार. पेसर्सने त्याला ओक्लाहोमाला दिलं आणि बदल्यात घेतले दोघं जण : व्हिक्टर ओलाडिपो आणि जेमतेम एकवीस वर्षांचा डोमांटस सबोनिस. तेव्हा बहुतेक पंडितांचं मत होतं की पेसर्सने हिरा कवडीमोलाने विकला.

दोन वर्षांनी, २०१९ च्या उन्हाळ्यात, जॉर्जला ओक्लाहोमाही सोडायचं होतं. त्याला हवी होती लॉस एंजेलिस क्लिपर्स. थंडरचे जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी यांनी क्लिपर्सकडून किंमत अशी वसूल केली, की आजही तिचे दाखले दिले जातात. डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या राउंडचे पाच ड्राफ्ट पिक्स, दोन वर्षं पिकची अदलाबदल करण्याचा हक्क आणि एकच सीझन खेळलेला एक पोरगा. तो पोरगा म्हणजे शे गिल्जस-अलेक्झांडर. त्या पाच पिक्सपैकी एकातून २०२२ मध्ये बाराव्या नंबरवर आला जेलन विल्यम्स, ज्याने २०२५ च्या फायनलच्या पाचव्या मॅचमध्ये ४० पॉइंट्स ठोकले.

आणि पेसर्सकडे राहिलेल्या सबोनिसचं काय झालं? त्यासाठी वरळीला यावं लागेल.

ट्रेडची बाराखडी

त्याआधी थोडी शब्दांशी ओळख.

ट्रेड : खेळाडूच्या बदल्यात खेळाडू किंवा पिक. आयपीएलमध्ये नोव्हेंबर २०२३ ला हार्दिक पांड्या गुजरातकडून मुंबईकडे आला तो रोख पैशांवर. एनबीएत नुसत्या पैशांत असा सौदा जमत नाही. तिथे ऑक्शनही नाही, त्यामुळे दर तीन वर्षांनी पाटी कोरी होण्याची सोय नाही.

ड्राफ्ट पिक : नव्या खेळाडूंमधून आपल्या नंबरावर निवड करण्याचा हक्क. टीम जितकी खराब, तितकी वरचा नंबर मिळण्याची शक्यता जास्त. हा हक्क सात वर्षं पुढचासुद्धा देता येतो. थोडक्यात काय, तर भविष्य गहाण टाकून आज खरेदी!

स्टेपियन नियम : पुढच्या सलग दोन वर्षांचे पहिल्या राउंडचे पिक्स हातातून घालवता येत नाहीत. १९८० च्या दशकात क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी पिक्स असे उधळले, की लीगला नियमच करावा लागला.

पगार जुळवणी : सॅलरी कॅपच्या वर गेलेल्या टीमला ट्रेडमध्ये जेवढा पगार येतो, साधारण तेवढा पगार पाठवावा लागतो. म्हणून कधी कधी एखादा खेळाडू त्याच्या खेळाइतकाच त्याच्या पगाराच्या आकड्यासाठीही सांभाळला जातो.

वरळीत उतरलेल्या दोन टीम्स

४ आणि ५ ऑक्टोबर २०१९. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये भारतातल्या पहिल्यावहिल्या एनबीए मॅचेस झाल्या. सीझनपूर्व मॅचेस होत्या, पण पहिल्या दिवशी ओव्हरटाइमपर्यंत गेल्या आणि निकाल लागला १३२-१३१! जिंकली इंडियाना पेसर्स, हरली सॅक्रामेंटो किंग्ज. किंग्जचे मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे, त्यामुळे त्यांच्यासाठी तर हे माहेरपणच होतं.

त्या कोर्टवर किंग्जकडून होता २१ वर्षांचा डिऑरन फॉक्स. पेसर्सकडून २३ वर्षांचे दोन उंच गडी, सबोनिस आणि माइल्स टर्नर. हॅलिबर्टन तेव्हा कॉलेजात होता. पुढच्याच वर्षी, २०२० च्या ड्राफ्टमध्ये, किंग्जने त्याला बाराव्या नंबरवर उचललं आणि बघता बघता हा मुलगा चमकू लागला.

इथेच किंग्जची पंचाईत झाली. फॉक्स आणि हॅलिबर्टन दोघंही गार्ड. दोघांनाही बॉल हातात हवा. एका किचनमध्ये दोन शेफ! शिवाय २००६ नंतर या टीमने प्लेऑफ पाहिलाच नव्हता. लोक कंटाळले होते, मालक कंटाळले होते. २०१८ मध्ये दुसऱ्या नंबरचा पिक हातात असूनही किंग्जने लुका डॉन्चिचला सोडून मार्विन बॅगलीला घेतलं होतं, ती जखम वेगळीच. काहीतरी करून दाखवायला हवं होतं.

८ फेब्रुवारी २०२२ ला ते ‘काहीतरी’ झालं. किंग्जने हॅलिबर्टनला, बडी हिल्ड आणि ट्रिस्टन थॉम्प्सनसोबत, इंडियानाला पाठवलं आणि मुख्य मोबदला म्हणून घेतला सबोनिस. हॅलिबर्टनला तर धक्काच बसला. तोपर्यंत तो स्वतःला सॅक्रामेंटोचं भविष्य समजत होता.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हा ट्रेड लगेच फसला असं अजिबात नाही. उलट पुढच्याच सीझनमध्ये किंग्जने ४८ मॅचेस जिंकल्या आणि १६ सीझनचा प्लेऑफचा दुष्काळ संपवला. सबोनिस सलग तीन सीझन लीगमध्ये रिबाउंड्सचा बादशहा ठरला. प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून जांभळा प्रकाशझोत आकाशात सोडायची प्रथा पडली. सोळा वर्षं वाट बघणाऱ्या माणसाला विचारा, त्या झोताची किंमत काय होती ते!

पण घर पूर्ण बांधलंच गेलं नाही. पुढच्या वर्षी प्लेऑफ हुकला. डिसेंबर २०२४ मध्ये कोच माइक ब्राउन यांची उचलबांगडी झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉक्सही सॅन अँटोनियोला गेला. म्हणजे दोन तरुण गार्ड्सपैकी एकाची निवड करायला निघालेल्या टीमकडे तीन वर्षांनी दोघांपैकी एकही उरला नव्हता.

हिरा एक, कोंदण वेगळं

इंडियानात मात्र उलटं घडलं. सबोनिस गेल्याने टर्नरची जागा मोकळी झाली. टर्नर हा उंच सेंटर, पण लांबून थ्री-पॉइंटर मारणारा. असा सेंटर बाहेर उभा राहिला की समोरच्या उंच माणसालाही त्याच्यामागे बाहेर यावं लागतं आणि बास्केटकडचा रस्ता रिकामा होतो. हॅलिबर्टनला नेमकं हेच हवं होतं. कारण त्याची ताकद कशात? नजरेत आणि पासमध्ये. बॉल मिळाला की धावायचं, मोकळा माणूस हेरायचा, बॉल त्याच्या हातात नेऊन ठेवायचा.

कोच रिक कार्लाइल यांनी सगळी टीमच या वेगावर बेतली. २०२३-२४ मध्ये पेसर्सने मॅचला सरासरी १२३.३ पॉइंट्स केले, लीगमध्ये सर्वाधिक.

आणि त्याची कमतरता? बचाव. ती झाकायला पेसर्सने कुणी महागडा सुपरस्टार आणला नाही. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये ३१ व्या नंबरवर, म्हणजे दुसऱ्या राउंडमध्ये, अँड्र्यू नेमहार्ड घेतला. त्याच उन्हाळ्यात माल्कम ब्रॉग्डनला बोस्टनला देऊन त्या बदल्यात आलेल्यांमध्ये होता ॲरन नेस्मिथ, जो तिकडे बेंचवरच जास्त दिसायचा. समोरच्या टीमच्या सर्वात घातक गार्डला चिकटण्याचं काम या दोघांनी वाटून घेतलं. हाच नेस्मिथ मे २०२५ मध्ये न्यूयॉर्कविरुद्ध एका चौथ्या क्वार्टरमध्ये ६ थ्री-पॉइंटर मारून गेला, ही गोष्ट निराळी!

तरुण स्टारभोवती टीम बांधताना पहिला प्रश्न ‘बाजारात सर्वात मोठं नाव कोणतं?’ हा नसतोच. ‘आपल्या पोराला काय जमत नाही?’ हा असतो.

घड्याळाशी मॅच

दुसरा प्रश्न वेळेचा. पहिल्या राउंडमध्ये निवडलेल्या नवख्या खेळाडूचा पगार पहिली चार वर्षं ठरलेला असतो. तिसऱ्या सीझनमध्ये हॅलिबर्टनला साधारण ४० लाख डॉलर मिळत होते. जुलै २०२३ मध्ये त्याने पाच वर्षांचं, २६ कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकणारं कॉन्ट्रॅक्ट केलं आणि २०२४-२५ मध्ये त्याचा पगार झाला ४ कोटी २० लाख डॉलरच्या आसपास. दहा पट! टीमच्या सॅलरी कॅपचा तब्बल ३० टक्के हिस्सा एकट्याचा.

म्हणजे बघा, स्टार स्वस्त असतो तेव्हा आजूबाजूला महाग माणसं परवडतात, पण तेव्हा तो पुरेसा मोठा झालेला नसतो. तो मोठा होतो तेव्हा तो स्वस्त राहत नाही. या दोन टोकांमध्ये जी छोटीशी फट असते, तिच्यात हात घालून मोठा ट्रेड करायचा असतो. लवकर केलात तर तो अजून कच्चा. उशीर केलात तर तिजोरी रिकामी, किंवा तो स्वतःच ‘मला जाऊ द्या’ म्हणणार. पॉल जॉर्जने नेमकं तेच केलं नव्हतं का?

पेसर्सचाही एकदा तोल जाता जाता राहिला. जुलै २०२२ मध्ये त्यांनी फिनिक्सचा सेंटर डिआंद्रे एटन याला चार वर्षांसाठी १३.३ कोटी डॉलरची ऑफर दिली होती. नियमाप्रमाणे फिनिक्सने तितकाच आकडा मान्य करून त्याला ठेवून घेतलं. सौदा हुकला... आणि पेसर्स वाचले! पैसा मोकळा राहिला, टर्नर टीममध्ये राहिला.

त्यानंतरची खेळी मात्र पुस्तकात घालावी अशी. २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांनी ब्रूस ब्राउनला दोन वर्षांसाठी ४.५ कोटी डॉलर दिले. दुसरं वर्ष ठेवायचं की नाही, हे टीमच्या हातात. अनेकांच्या भुवया उंचावल्या : एवढा पगार याला? जानेवारी २०२४ मध्ये उत्तर मिळालं. टोरांटोच्या पास्कल सियाकमसाठी पगार जुळवायचा होता, तेव्हा ब्राउनचा आकडा चपखल बसला. सोबत जॉर्डन नवोरा आणि पहिल्या राउंडचे तीन पिक्स गेले. त्यातले दोन त्याच वर्षीचे आणि खालच्या नंबरांचे निघाले, १९ वा आणि २९ वा.

सियाकम तेव्हा २९ वर्षांचा, टोरांटोकडून २०१९ मध्ये चॅम्पियन झालेला आणि धावण्यात तरुणांना मागे टाकणारा. पेसर्सने तरुणांपैकी कुणालाही न विकता त्याला आणलं. त्या वर्षी ते ईस्टच्या फायनलमध्ये गेले. पुढच्या वर्षी ईस्ट जिंकलं आणि त्या सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला कोण? सियाकम!

थंडरची भिशी

ओक्लाहोमाने दुसरा मार्ग घेतला. गिल्जस-अलेक्झांडर हाती आल्यावर त्यांनी मोठं नाव आणण्याऐवजी पिक्सच साठवले. २०२०-२१ मध्ये २२ विजय, २०२१-२२ मध्ये २४. लोक म्हणायचे, हा मुलगा कंटाळून जाईल. तो गेला नाही. ऑगस्ट २०२१ मध्येच त्याने पाच वर्षांचं नवं कॉन्ट्रॅक्ट केलं होतं. त्याच पडत्या काळात चेट होमग्रेन मिळाला, जेलन विल्यम्स मिळाला. विजयांचा आकडा चढत गेला : ४०, ५७ आणि २०२४-२५ मध्ये ६८.

मग मोठा ट्रेड केला कधी? मजा इथेच आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात, टीम जिंकायला लागल्यावर, त्यांनी २१ वर्षांचा जॉश गिडी देऊन ३० वर्षांचा ॲलेक्स कारुसो घेतला. नावाच्या वजनात बघाल तर घाट्याचा सौदा. पण गिडीला बॉल हातात हवा असायचा आणि तो बॉल आता गिल्जस-अलेक्झांडरकडे होता. कारुसोला बॉल लागतच नाही, तो दुसऱ्याच्या हातातला काढून घेतो. वर्षभरात ट्रॉफी!

डॅलसचा धडा

घड्याळ चुकीचं वाचलं तर काय होतं? डॅलस मॅव्हरिक्सला विचारा. डॉन्चिच १९ वर्षांचा असताना, जानेवारी २०१९ मध्ये, त्यांनी पहिल्या राउंडचे दोन पिक्स घालवून क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस आणला. जोडी जमली नाही. २०२२ मध्ये जेलन ब्रन्सन काहीही मोबदला न देता न्यूयॉर्कला निघून गेला. मग कायरी अर्विंग, मग फेब्रुवारी २०२४ मध्ये पी. जे. वॉशिंग्टन आणि डॅनियल गॅफर्ड आले आणि अखेर टीम जुळली. त्याच वर्षी डॅलस फायनलमध्ये!

आणि आठ महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला, त्यांनी २५ वर्षांच्या डॉन्चिचलाच लेकर्सना देऊन टाकलं. बदल्यात ३१ वर्षांचा अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि पहिल्या राउंडचा एक पिक. चाहते रस्त्यावर आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांची नोकरी गेली. मधल्या काळात फक्त १.८ टक्के शक्यता असताना डॅलसला लॉटरीत पहिला नंबर लागला आणि कूपर फ्लॅग मिळाला. पण हे नशीब झालं, नियोजन नव्हे.

सॅन अँटोनियोने मात्र सगळ्यांचे पेपर आधी वाचले असावेत. २०२३ मध्ये व्हिक्टर वेम्बान्यामा मिळाल्यावर दीड वर्ष ते गप्प बसले. फॉक्स बाजारात आला तेव्हा त्यांनी पिक्स दिले, पण नवखा स्टेफन कासल हातचा सोडला नाही. वरळीत किंग्जकडून खेळलेला फॉक्स असा एका नव्या तरुण स्टारचा जोडीदार झाला.

मग जिंकलं कोण?

हिशोब इतका सरळ असता तर काय हवं होतं! त्या सातव्या मॅचच्या पहिल्याच क्वार्टरमध्ये हॅलिबर्टनच्या पायाचा अकिलीस स्नायुबंध तुटला. २०२५-२६ चा अख्खा सीझन गेला. दोनच आठवड्यांत टर्नरही दहा सीझननंतर मिलवॉकीला निघून गेला. सगळं बरोबर करूनही खिडकी खाडकन बंद होऊ शकते.

पण म्हणूनच जानेवारी २०२४ चा तो सियाकम ट्रेड जास्त मोलाचा वाटतो. ‘अजून तरुण आहेत, बघू दोन वर्षांनी’ असं पेसर्स म्हणाले असते, तर ना ईस्टची फायनल दिसली असती, ना फायनलच्या पहिल्या मॅचमध्ये ०.३ सेकंद उरले असताना हॅलिबर्टनने मारलेला तो विजयी शॉट. घाई वाईट, हे किंग्जने शिकवलं. पण नुसतं थांबणं म्हणजे संयम नव्हे, हे पेसर्सने.

तेव्हा यापुढे सकाळी फोन उघडल्यावर एखाद्या मोठ्या ट्रेडची बातमी दिसली, तर नावांवर जाऊ नका. तीन गोष्टी तपासा. आलेल्या माणसाचं वय आणि आपल्या स्टारचं वय जुळतंय का? दोघांची कॉन्ट्रॅक्ट्स एकत्र किती वर्षं चालणार? आणि दोघांनाही एकाच वेळी बॉल हातात हवा असतो का? तिन्हींची उत्तरं पटली, तर त्या टीमवर लक्ष ठेवा. बाकीचं, हॅलिबर्टनच्या पायाने दाखवलंच आहे, कुणाच्याच हातात नसतं.